टॉर्नेडो नव्हता, मग एवढं नुकसान कशानं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. नोकरीनिमित्त तुम्ही दोन वर्षांपूर्वी मध्य कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात राहायला आलात. परवा संध्याकाळी वादळ आलं आणि वीस मिनिटांत निघूनही गेलं. गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या, वायव्येकडून वारा सुटला, शेजाऱ्यांच्या घराचं छप्पर गॅरेजच्या बाजूनं उडालं, गावाबाहेरचं धान्याचं लोखंडी कोठार चेपलं. गाव म्हणतंय टॉर्नेडो होता. हवामान खात्याची माणसं येऊन पाहून गेली आणि म्हणाली, सरळ वारा होता. फोनवर इशारा वाजलाच नाही, याचा तुम्हाला राग आहे. तुमच्या छपरावर खालून काही दिसत नाही, पण तीन ठेकेदार दार ठोठावून गेले आणि त्यातला एक म्हणतोय की आज सही केली तर नवं छप्पर फुकटात. मागच्या शेतातला मका झोपलाय, तो गेला असं समजायचं का, हेही विचारलंय. आणि तुमच्या पत्नीनं दोन गारा फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत.

मी स्थापत्य अभियंता. गेली वीसेक वर्षं टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंत वाऱ्या-गारांनी मोडलेली घरं तपासतोय. तेव्हा एकेक गोष्ट घेऊ, पण त्याआधी एक: आज कशावरही सही करू नका. छपराला भोक पडलं असेल, खिडकी फुटली असेल, तर आधी फोटो काढा, मग ताडपत्रीनं झाका आणि ताडपत्रीची पावती जपून ठेवा. पाणी आत शिरू न देणं ही विमा पॉलिसीत तुमचीच जबाबदारी असते आणि त्या तात्पुरत्या डागडुजीचा वाजवी खर्च दाव्यात धरला जातो. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं.

आता वारा. गावकऱ्यांचा विश्वास बसत नाही, कारण सगळ्यांच्या मनात मोठं नुकसान म्हणजे सोंड लोंबणारा ढग, हे पक्कं बसलंय. सोंड दिसली नाही तर म्हणतात, पावसाच्या पडद्याआड होती. असंही कधीकधी होतं, हे खरं. पण त्याचा निकाल डोळ्यांनी काय दिसलं यावर लागत नाही. जमिनीवर काय कसं पडलंय, यावर लागतो. तुम्ही स्वतः करून पाहा. गावाचा नकाशा कागदावर काढा, फिरायला निघा आणि प्रत्येक पडलेल्या झाडाचा शेंडा कुठल्या दिशेला आहे ते बाणानं दाखवा. कुंपणं, पत्रे, उडालेल्या ट्रॅम्पोलीन, सगळं. टॉर्नेडो असेल तर एक अरुंद पट्टा दिसतो आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे बाण आतल्या बाजूला, मधल्या रेषेकडे वळलेले असतात. झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली असतात. सरळ वाऱ्यात बाण एकाच दिशेला जातात, किंवा हातपंख्याच्या काड्यांसारखे पुढे पसरत जातात. तुम्ही लिहिलंय की मुख्य रस्त्यावरची सगळी झाडं आग्नेयेला पडलीत आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचीही तशीच. वारा वायव्येचा, झाडं आग्नेयेला, आणि पट्टा गावाच्या रुंदीपेक्षा मोठा. खात्याच्या माणसांनी बरोबर सांगितलंय.

हे असं वाचायला शिकवलं ते टेड फुजिता या हवामानशास्त्रज्ञांनी. टॉर्नेडोच्या तीव्रतेची मोजपट्टी त्यांच्याच नावानं ओळखली जाते. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एका दिवसात जवळजवळ दीडशे टॉर्नेडो झाले. त्यानंतर विमानातून पाहणी करताना काही जंगलांत त्यांना झाडं एका मध्यबिंदूपासून चारी बाजूंना बाहेर पडलेली दिसली. १९४५ मध्ये अणुबाँबनंतरचं नागासाकी त्यांनी पाहिलेलं होतं आणि तिथला ठसा त्यांना आठवला: वरून काहीतरी आलं, जमिनीवर आदळलं आणि बाहेर पसरलं. जून १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली. फुजितांनी त्या अपघाताचा अभ्यास करून सांगितलं की वादळी ढगातून खाली कोसळणाऱ्या हवेनं ते विमान दाबलं. या कोसळत्या हवेला त्यांनी डाउनबर्स्ट हे नाव दिलं. तज्ज्ञांमध्ये बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार, म्हणजे वाऱ्याचा वेगही मोजणारं रडार, लावून केलेल्या मोजणीत ती हवा प्रत्यक्ष दिसली.

घडतं ते असं. ढगात पाऊस आणि गारांचं ओझं वाढतं आणि ते खाली येताना हवेलाही सोबत ओढतं. ढगाखालची हवा कोरडी असेल तर थेंब वाटेत वाफ होऊन जातात, गारा वितळतात, आणि दोन्हीला लागणारी उष्णता त्याच हवेतून काढून घेतली जाते. हवा झपाट्यानं थंड होते, म्हणजेच जड होते, आणि दगडासारखी खाली येते. जमीन लागली की तिला जायला जागा आडवीच. असे अनेक ढग एका रांगेत आले आणि मागून थंड हवेनं रांगेला रेटलं, की ती रांग रडारवर धनुष्यासारखी वाकलेली दिसते. तुमच्या वादळाची रडारची चित्रं मिळाली तर पाहा. गाव त्या धनुष्याच्या फुगलेल्या भागाखाली सापडलं असणार असा माझा अंदाज आहे.

अशी रांग शेकडो किलोमीटर टिकली तर तिला डेरेचो म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच सरळ. आयोवातल्या गुस्टाव हिनरिक्स या प्राध्यापकांनी १८८८ मध्ये हा शब्द वापरात आणला, तोही याचसाठी, की लोकांनी याला टॉर्नेडोत मोजू नये. त्याच आयोवावर १० ऑगस्ट २०२० रोजी डेरेचो आला. साउथ डकोटाच्या कोपऱ्यापासून ओहायोपर्यंत चौदा तासांत सुमारे १,२४० किलोमीटर गेला. सीडर रॅपिड्स शहरात वाऱ्याचा वेग नुकसानीवरून ताशी १४० मैलांपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर, काढला गेला. काही घरांत दोन-दोन आठवडे वीज नव्हती. लाखो एकरांवरचा मका जमीनदोस्त झाला. नुकसान अब्जावधी डॉलरमध्ये मोजावं लागलं, आणि ते ज्या वाऱ्यानं केलं त्याला सोंड नव्हती.

एक साधा हिशोब सांगतो, तो मी प्रत्येक गावात सांगतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० मैलांचा वारा ८० मैलांवर गेला तर वेग एक तृतीयांशानं वाढला, पण दाब जवळजवळ पावणेदोनपट झाला. ८० मैल म्हणजे सुमारे १३० किलोमीटर. त्या वेगाला एक चौरस मीटरवर साधारण ऐंशी किलोचा भार येतो. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार सुमारे दहा चौरस मीटरचं असतं. म्हणजे त्या पातळ पत्र्याच्या दारावर आठशे किलो. घरात याहून मोठी आणि याहून कमजोर दुसरी जागा नसते.

तुमच्या शेजाऱ्यांच्या घरात नेमकं हेच घडलेलं मला दिसतंय. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात दार आत दबलेलं आहे आणि छप्पर त्याच टोकाचं गेलंय. दार फुटलं की वारा आत शिरतो आणि छताला आतून वर ढकलतो. बाहेरून छपरावरून जाणारा वारा त्याला वर ओढतच असतो. दोन्ही जोर एकाच दिशेला. कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, भिंतीला तिरक्या ठोकलेल्या दोन-तीन खिळ्यांवर धरलेल्या असतील तर ते खिळे उपटून येतात. मी पाहिलेल्या छपरं उडालेल्या घरांत ही कहाणी इतक्या वेळा आलीय की हल्ली मी गाडीतून उतरल्यावर आधी गॅरेजचं दार पाहतो. शेजारी पुन्हा बांधणारच आहेत, तर त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: वाऱ्याच्या दाबासाठी मानांकन असलेलं दार घ्या, आणि छप्पर उघडं आहे तोवर प्रत्येक कैची भिंतीला धातूच्या पट्टीनं बांधून घ्या. एका पट्टीचा खर्च किरकोळ असतो. छप्पर बंद झाल्यावर तेच काम करायला अर्धं घर खोलावं लागतं.

कोठाराचंही कारण साधं. जूनचा पहिला पंधरवडा, गव्हाची कापणी अजून व्हायची, म्हणजे कोठार रिकामं. भरलेलं कोठार आतल्या धान्याच्या वजनानं ताठ उभं राहतं. रिकामं म्हणजे पातळ पत्र्याचा डबा. वाऱ्याच्या बाजूनं तो आत चेपतो आणि जमिनीला नीट जखडलेला नसेल तर लोळत जातो. शेतात पाणी देणारे चाकांवरचे लांब पिव्हट याच कारणानं उलटतात. त्यांचे पाइप रिकामे असताना वारा आडवा लागला की एकामागून एक मनोरे झोपतात.

आता फोन का वाजला नाही. यात तुमची तक्रार रास्त आहे, पण कारण समजून घ्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. अमेरिकेत एक इंच व्यासाची गार किंवा ताशी ५८ मैलांचा वारा अपेक्षित असेल तर तीव्र वादळाचा इशारा निघतो. ५८ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुळात ५० नॉट, म्हणजे ताशी ५० सागरी मैल, आहे. २०२१ पासून या इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिली मूळची. दुसरी, ७० मैल वारा किंवा पावणेदोन इंची गार. तिसरी, ८० मैल वारा किंवा पावणेतीन इंची, म्हणजे बेसबॉलएवढी गार. मोबाईल आपोआप किंचाळतो तो फक्त तिसऱ्या पायरीला. प्रत्येक इशाऱ्याला फोन वाजला असता तर उन्हाळाभर वाजत राहिला असता आणि लोकांनी तो बंदच करून टाकला असता, म्हणून ही मर्यादा. पण याचा अर्थ असा की गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा आणि ताशी ७५ मैलांचा वारा तुमच्या अंगणात येऊ शकतो आणि फोन शांत राहू शकतो. परवा तसंच झालं असावं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, इशाऱ्याचं नाव ऐकून थांबू नका, त्यातले आकडे वाचा. मजकुराच्या शेवटी वाऱ्याचा आणि गारेचा अंदाज लिहिलेला असतो. ७० च्या वर आकडा दिसला तर टॉर्नेडोच्या इशाऱ्याला जे कराल तेच करा: तळघरात जा, नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत. घराजवळ कॉटनवूडचं मोठं जुनं झाड असेल तर मुलांना त्या बाजूच्या खोलीत झोपवू नका. सरळ वाऱ्यात माणसं दगावतात ती बहुतेकदा झाड घरावर किंवा गाडीवर पडून. आणि बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या, तो पहिल्या पायरीलाही वाजतो. रात्री झोपेत तोच कामाला येतो.

गारांकडे वळू. तुम्ही राहता त्या मैदानांत गारा इतक्या का पडतात, याचं उत्तर भूगोलात आहे. मेक्सिकोच्या आखातातून दमट हवा खालून येते, पश्चिमेच्या उंच कोरड्या पठारांवरून उष्ण हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. दिवसभर खाली ऊब साठत राहते आणि झाकण फुटलं की हवा प्रचंड वेगानं वर उसळते. वरून वाहणारा जोरदार वारा ढगाला तिरपा करतो, त्यामुळे पाऊस स्वतःच्याच वर चढणाऱ्या हवेवर पडून तिला विझवत नाही आणि ढग तासन्‌तास जगतो. या वर चढणाऱ्या हवेत शून्याखालच्या तापमानातही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. गारेच्या गाभ्याला ते चिकटत जातात. पाणी झटकन गोठलं तर हवेचे बुडबुडे अडकून दुधी थर होतो, सावकाश गोठलं तर पारदर्शक. फ्रीजरमधली एक गार मधोमध कापलीत तर हे थर दिसतील. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि वायोमिंग मिळतात त्या भागात वर्षाला सात ते नऊ दिवस गारा पडतात. तिथली जमीनच उंच, त्यामुळे गारेला वितळायला खाली अंतर कमी मिळतं.

गोल्फचा चेंडू म्हणजे पावणेदोन इंच, साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. अशी गार ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगानं पडते. गार जितकी मोठी तितकी ती जडही होते आणि वेगानंही पडते, त्यामुळे व्यास दुप्पट झाला तर तडाख्याची ऊर्जा ढोबळमानानं सोळापट होते. एक इंची आणि दोन इंची गारांत फरक दुपटीचा नाही, तो सोळापटीचा आहे. वारा जोराचा असेल तर गारा तिरप्या येतात. तुमच्या घराच्या वायव्येकडच्या भिंतीवरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलंय आणि दक्षिणेकडचं कोरं आहे, त्याचं कारण हे.

आता तुमचं छप्पर. खालून काही दिसत नाही, म्हणजे काही झालं नाही, असं धरू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाला लागल्याच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मी छप्पर ठीक आहे असं सांगितलं. दुर्बिणीतून पाहिलं होतं, वर चढलो नव्हतो. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीच्या खोलीत पाणी आलं, आणि तोवर दावा करायची मुदत संपलेली होती. डांबरी शिंगलवर, म्हणजे छपरावर एकावर एक बसवलेल्या पातळ तुकड्यांवर, गार बसते तेव्हा बरेचदा फक्त मुका मार बसतो. सफरचंद हातातून पडल्यावर जसा एक मऊ डाग राहतो, तसं. वरचे बारीक दगडी कण थोडे सैल होतात, आतली काचतंतूंची जाळी तडकते. कण पावसाबरोबर धुऊन जातात, उघडं पडलेलं डांबर उन्हानं सुकतं आणि सावकाश भेग पडते. हे सगळं व्हायला एक-दोन वर्षं लागतात.

तुम्ही स्वतः वर चढू नका. पण जमिनीवरून बरंच कळतं. पन्हाळीच्या नळाखाली काळ्या वाळूसारखे कण साचलेत का? एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या पातळ पट्ट्या चेपल्यात का, कुठल्या बाजूच्या? टपालपेटी, धुराड्याचा पत्रा, पन्हाळ यांवर खळगे आहेत का? जुन्या लाकडी कुंपणावर आणि विजेच्या मीटरच्या पेटीवर स्वच्छ गोल ठिपके दिसतील, तिथे गारेनं वरची करडी पुटं उडवलेली असतात. हे ठिपके फार महत्त्वाचे, कारण ते ताज्या गारपिटीचे असतात आणि काही महिन्यांत पुसले जातात. आजच नाणं शेजारी धरून त्यांचे फोटो काढा. कुठल्या दिशेच्या वस्तूवर जास्त ठिपके आहेत ते लिहून ठेवा. मग विमा कंपनीचा तपासनीस येईल तेव्हा छपराच्या त्याच दिशेच्या उतारावर जास्त मार असायला हवा, आणि तुम्ही त्याला तो उतार आधी पाहायला सांगू शकता. तो प्रत्येक उतारावर खडूनं दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखून त्यातल्या खुणा मोजेल. ती मोजणी होताना घरी थांबा.

वाऱ्याची इजा वेगळी शोधावी लागते. शिंगल उचलली जाऊन मागे दुमडते आणि पुन्हा खाली बसते. वरून पाहिलं तर जागेवर आहे असं वाटतं, पण वरच्या अंगाला एक आडवी घडी उमटलेली असते आणि खालचा डिंक सुटलेला असतो. पुढच्या वाऱ्यात पहिली तीच जाते. तपासनिसाला याबद्दल स्पष्ट विचारा.

खरी गार कशी पडते हे माहीत असणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंचं छप्पर पाहायला गेलो. चारही उतारांवर सारख्याच संख्येनं गोल खुणा, जवळजवळ प्रत्येक शिंगलच्या मध्यावर एक. छपरावरच्या मऊ धातूच्या झडपांवर मात्र एकही ओरखडा नाही. गार धातू वगळून शिंगलवर पडत नाही आणि चारही दिशांना सारखी पडत नाही. आदल्या दिवशी मोफत तपासणीच्या नावाखाली वर चढलेल्या माणसानं हातोडीनं ठोकून ठेवलं होतं. बाईंना कल्पनाही नव्हती. त्यांचा दावा फेटाळला गेला आणि चांगलं छप्पर मोडलं ते मोडलंच. ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याला एकट्याला वर सोडू नका.

सगळेच ठेकेदार वाईट नसतात. वादळानंतर बाहेरगावच्या टोळ्या आल्या नाहीत तर अख्ख्या गावाची छपरं वर्षभर होणार नाहीत, हेही खरं. पण नवं छप्पर फुकट, म्हणजे विम्यातला तुमच्या वाट्याचा हिस्सा मी सोडतो, हे वाक्य ऐकलं की दार लावा. तो हिस्सा तो स्वतःच्या खिशातून भरत नाही, बिल फुगवून भरतो, आणि ती विम्याची फसवणूक असते. कागदावर तुमचीही सही असते. टेक्सासनं २०१९ मध्ये हा प्रकार कायद्यानं गुन्हाच ठरवला. कॅन्ससमध्ये छपराचं काम करणाऱ्या ठेकेदाराला राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. २०१३ पासून तसा कायदा आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि तो तपासा. भरात येऊन आधीच सही करून बसला असाल तर घाबरू नका. घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी केंद्राचा तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा नियम आहे, तो वापरा, आणि लेखी कळवा.

तुमची पॉलिसी काढून दोन जागा वाचा. एक, वारा आणि गारांसाठी वेगळी वजावट आहे का. मैदानी राज्यांत ती बहुतेकदा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असते. तीन लाख डॉलरचं घर आणि दोन टक्के म्हणजे पहिले सहा हजार तुमचे. दोन, छपराची भरपाई नव्याच्या किमतीनं मिळते की वयानुसार घसारा वजा करून. नव्याच्या किमतीनं असली तरी पहिला धनादेश घसारा कापूनच येतो आणि उरलेले पैसे काम पूर्ण झाल्याची कागदपत्रं दिल्यावर मिळतात. हे माहीत नसल्यामुळे लोक पहिला धनादेश पाहून खचतात, किंवा काम न करता तेवढ्यावर समाधान मानतात.

छप्पर बदलायचं ठरलंच तर चौथ्या श्रेणीची आघातरोधक शिंगल विचारा. दोन इंची स्टीलचा गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा सोडतात आणि तडा गेला नाही तर ही श्रेणी मिळते. स्टील आणि बर्फ सारखे वागत नाहीत, म्हणून साउथ कॅरोलिनात विमा उद्योगाच्या एका संशोधन केंद्रात कृत्रिम गारा बनवून त्यांचा मारा करून शिंगल तपासतात. त्या चाचण्यांत एकाच श्रेणीतले ब्रँड वेगवेगळे वागलेले दिसलेत. निकाल खुले आहेत, निवडीआधी पाहा.

मक्याबद्दल शेतकऱ्याला घाई करू नका म्हणावं. मका गुडघ्याएवढा म्हणजे वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीच्या जेमतेम वर आलेला असतो. पानांच्या चिंध्या झाल्या तरी कोंब शाबूत असेल तर पोंग्यातून नवी पानं येतात. सात ते दहा दिवस थांबून काही ताटं उभी चिरून पाहावीत. कोंब पांढरा आणि टणक असेल तर झाड जगणार, तपकिरी आणि लिबलिबीत झाला असेल तर गेलं. नुसता झोपलेला मका मानेत वाकून पुन्हा वर चढतो. पेरापाशी कटकन मोडलेला मात्र परत येत नाही. माझी खरी काळजी गव्हाची आहे. तो पिकत आलेला, आणि गारांनी ओंब्या झडल्या की परत उभं राहण्यासारखं काही उरत नाही. केंद्राच्या पीक विम्यात नुकसान लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. तुम्ही परवा म्हणालात, म्हणजे शेतकऱ्याला आजच आठवण करून द्या. आणि तपासनीस येऊन संमती देईपर्यंत पीक मोडू नये, दुसरं पेरू नये.

तुटलेली वीजतार पडली असेल तर ती जिवंत आहे असंच समजा. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब, खिडक्यांकडे धूर जाणार नाही असा ठेवा. वादळातून वाचलेली माणसं नंतरच्या रात्री बंद गॅरेजमधल्या जनरेटरच्या वायूनं गेलेली आहेत.

राहिल्या फ्रीजरमधल्या दोन गारा. २३ जुलै २०१० रोजी साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावात अमेरिकेतली सर्वांत मोठी गार सापडली. आठ इंच व्यास, वजन जवळजवळ नऊशे ग्रॅम. ज्यानं ती उचलली त्यानंही फ्रीजरमध्येच ठेवली होती, पण वादळानं वीज गेली आणि मोजेपर्यंत ती काहीशी वितळली. तुमच्याकडे वीज आहे, तर आजच करा. उघडी ठेवलेली गार फ्रीजरमध्येही हळूहळू झिजते, म्हणून प्रत्येक गार हवा काढून बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. तिच्या सर्वांत रुंद भागावर पट्टी धरून फोटो काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पडल्याची वेळ आणि जागा पिशवीवरच लिहा. मग तुमच्या भागाच्या हवामान कार्यालयाला कळवा. रडारला ढगात गारा दिसतात, पण जमिनीवर प्रत्यक्ष केवढी पडली हे त्यांना तुमच्यासारख्या माणसाकडूनच समजतं.